दुडकीत पोटरी जागेवर राहत नाही: आधी रिकीब बदलावी की आधी घोटा सुधारावा?

नवशिकी_करवीर:

सर्वांना नमस्कार. मी कोल्हापूरची, वय 39, महाविद्यालयात शिकवते. गेल्या दसऱ्यानंतर शहराबाहेरच्या एका मैदानावर आठवड्यातून तीन दिवस सकाळी घोडेस्वारी शिकते आहे. मला दिलेली घोडी काठेवाडी आहे. खांद्यापाशी 58 इंच उंच, अंगाने अरुंद आणि स्वभावाने फार तल्लख. माझी उंची पाच फूट तीन इंच. कदम चालीत मला काही अडचण येत नाही, पण दुडकी, म्हणजे संथ धाव, सुरू झाली की गुडघ्याखालचा पाय जणू माझा राहतच नाही. मैदानाच्या दोन फेऱ्या होईपर्यंत पोटरी पुढेमागे झुलू लागते आणि चवड्याखालची रिकीब (खोगिराला लोंबणारी, पाय ठेवायची कडी) हळूहळू टाचेकडे सरकते किंवा पायातून सुटतेच. गेल्या रविवारी मी मुद्दाम मोजले. वीस मिनिटांत सात वेळा रिकीब सुटली आणि त्यांतल्या सहा वेळा ती उजवीच होती.

आमच्या शिक्षकांचा उपाय एकच: "टाच खाली." मी टाच जोर लावून खाली दाबते, तेव्हा पाय पुढे जातो, मी मागे कलते आणि घोडीच्या पाठीवर धप्पकन आदळते. पाय पुढे जाऊ नये म्हणून गुडघे आवळले, तर पोटरी मागे जाते, टाच घोडीच्या कुशीला लागते आणि ती बिचारी मी इशारा दिला असे समजून आणखी वेगाने निघते. घरी येऊन पाहते तो दोन्ही गुडघ्यांच्या आतल्या बाजूला रुपयाएवढी कातडी सोललेली असते.

खोगीर, रिकिबी आणि रिकिबींचे पट्टे वर्गाचेच आहेत आणि ते बरेच जुने आहेत. पदरच्या पैशाने मी आतापर्यंत टाचेचे बूट आणि पोटरीवर बांधायचे हाफ चॅप्स एवढेच घेतले आहेत. आता पंधरा हजार रुपये बाजूला ठेवले आहेत. सिलिकॉनची पकड असलेली ब्रीचेस (स्वारीची विजार) घ्यावी, रुंद पायपट्टीच्या नव्या रिकिबी घ्याव्यात की थोडे थांबून खोगीरच घ्यावे, हे ठरत नाही. चप्पल लाईनमधील एक ओळखीचे कारागीर रिकिबीचे पट्टे करून द्यायला तयार आहेत. व्यायाम म्हणाल तर सकाळी रंकाळ्याभोवती चालणे, एवढाच. पैसे कशावर घालावेत आणि घाम कशासाठी गाळावा, हे जाणकारांनी सांगावे, ही विनंती.

जुना_रिसालदार:

ताई, पहिली गोष्ट म्हणजे हा महिना काहीही विकत घेऊ नका. मी नोकरीतली बावीस वर्षे नव्या पोरांना घोड्यावर बसवण्यात घालवली आहेत. त्या अनुभवावरून सांगतो, तुम्ही जे वर्णन केले आहे ते पोटरीचे दुखणे नाही. पोटरीत ते फक्त दिसते.

घोड्यावरच्या बैठकीला आपण मराठीत मांड म्हणतो. मांड पक्की आहे असे म्हणताना कोणाच्या डोळ्यांसमोर टाच येत नाही. खुबा, मांडी आणि कंबर यांनी खोगिरात धरलेली जागा येते. ही जागा नीट असेल तर गुडघ्याखालचा पाय आपोआप लोंबतो आणि लोंबता पाय स्थिर असतो. तुम्ही गुडघा आवळता तेव्हा त्याची बिजागरी होते. मांडी चौकटीसारखी जखडते आणि पोटरी दारासारखी झुलते. कितीही ताकद लावली तरी हे झुलणे थांबणार नाही, कारण ते त्या ताकदीतूनच जन्मते.

टाचेचेही तसेच. "टाच खाली" हे वाक्य चुकीचे नाही, पण अर्धवट आहे आणि मीही उमेदवारीच्या काळात ते मैदानभर ओरडत फिरलो आहे. शरीराचे वजन खुब्यातून मांडीत, मांडीतून गुडघ्यात आणि गुडघ्यातून घोट्यात न अडता उतरले की टाच चवड्यापेक्षा किंचित खाली जाते. तिला तिथे जाऊ द्यायचे असते, ढकलायचे नसते. ढकलली की गुडघा ताठ होतो, घोटा लॉक होतो, पाय पुढे जातो आणि धड मागे राहते. तुम्ही जे आदळणे सांगितले ते हेच. दुडकीत घोड्याचे समोरासमोरच्या कोपऱ्यांतले पाय जोडीने उचलले जातात, म्हणून दर पावलाला वर धक्का येतो. हा धक्का गिळण्याचे काम खुबा, गुडघा आणि घोटा या तिघांचे आहे. त्यांतला एक जरी जखडला तरी उरलेल्या दोघांवर भार पडतो आणि पाय भरकटतो.

मैत्रिणीला मैदानाच्या कडेला उभे करून बाजूने व्हिडिओ काढायला सांगा. कान, खांदा, खुबा आणि टाच ओळंब्यात येतात का, ते पाहा. टाच ओळंब्याच्या पुढे दिसली तर तुम्ही खुर्चीत बसल्यासारख्या बसता आहात. ती मागे दिसली तर गुडघ्यावर लटकता आहात. मला वाटते, फेरीगणिक तुम्ही दोन्ही करत असणार.

आता सराव. कदम चालीत आयाळ मुठीत धरून रिकिबींवर उभे राहा. ताठ नव्हे, गुडघे मऊ ठेवून, नितंब खोगिरापासून चार बोटे वर. तीस सेकंद राहा आणि बसा. पाय पुढे असेल तर तुम्ही मागे पडाल, पाय मागे असेल तर घोडीच्या मानेवर झुकाल. मधली जागा सापडेपर्यंत तोल तुम्हाला गप्प बसू देणार नाही. इतका प्रामाणिक शिक्षक मी पाहिलेला नाही. कदम चालीत हे जमले की दुडकीत करा. त्यानंतर दुडकीच्या ठोक्यांवर खोगिरात होणारी उठबस बदलून पाहा: एकदा वर, एकदा खाली या नेहमीच्या क्रमाऐवजी दोन ठोके वर आणि एक ठोका खाली. पायांच्या जोरावर उठणारा स्वार यात लगेच उघडा पडतो. उठताना रिकीब दाबून उंच व्हायचे नसते. घोडीच्या धक्क्याने कंबर पुढे जाऊ द्यायची आणि गुडघा जमिनीकडे सोडायचा.

रिकिबींशिवाय बसण्याचा सराव अवश्य करा, पण शिक्षकांच्या हातातल्या लांब दोरीवर आणि सुरुवातीला पाच मिनिटेच. थकलेला माणूस पुन्हा गुडघे आवळू लागतो आणि वाईट सवय दुप्पट पक्की होते. एक धोक्याची गोष्टही सांगून ठेवतो. पाय हलू नये म्हणून रिकीब तंगाला, म्हणजे खोगीर आवळणाऱ्या पोटाखालच्या पट्ट्याला, दोरीने बांधण्याची युक्ती तुम्हाला कोणीतरी सुचवील. ती कदापि करू नये. पडताना पाय मोकळा झाला नाही तर घोडी फरफटत नेईल.

खोगिराचा विचार तूर्त सोडा. सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर आणि स्वतःचा घोडा बाळगणारा तो शिलेदार. तुम्ही आज बारगीर आहात. खोगीर बसते ते घोडीच्या पाठीला, आणि उद्या वर्गाने दुसरी घोडी दिली तर तुमचे महागडे खोगीर तिच्या पाठीला बसेलच असे नाही. बारगिराने फार तर स्वतःच्या रिकिबी आणि पट्टे बाळगावेत.

कातडे_कारागीर:

रिसालदार साहेबांच्या शेवटच्या वाक्यापासून पुढे लिहितो. आमच्या घरात तीन पिढ्या चपलांचे काम आहे. मी मात्र बरीच वर्षे खोगीर, तंग आणि लगाम यांच्या दुरुस्तीत आहे. उजवी रिकीब सहा वेळा आणि डावी एकदाच सुटते, हे वाचल्याबरोबर मला पट्ट्यांची शंका आली. मांड दोन्ही बाजूंना सारखीच कच्ची असते. इतका फरक पडायला दुसरे काही कारण लागते.

वर्गातून दोन्ही पट्टे मागून घ्या. भिंतीत एक मजबूत खिळा ठोका, दोन्ही बकले त्यात अडकवा, पट्टे खाली ओढून धरा आणि शेजारी शेजारी पाहा. नुसती टोके जुळतात का एवढे पाहू नका, एकेक भोक जुळवत खाली या. आपण सगळे डावीकडून घोड्यावर चढतो, त्यामुळे चढतानाचे पूर्ण वजन दर वेळी डाव्या पट्ट्यावर येते आणि तो वर्षानुवर्षे ताणत जातो. दोन्हीकडे सातवे भोक लावले म्हणून लांबी सारखी झाली, असे समजणारे स्वार मी खूप पाहिले आहेत. महिन्यातून एकदा डावा पट्टा उजवीकडे आणि उजवा डावीकडे लावावा आणि चढताना ओट्याचा किंवा स्टुलाचा आधार घ्यावा, म्हणजे हा ताण वाटला जातो.

ओळखीचे कारागीर पट्टे करून देणार असतील तर त्यांना दोन गोष्टी विचारा. कातडे कोणत्या जनावराचे आणि अंगाच्या कोणत्या भागातले? म्हशीचे कातडे भक्कम असते, सहज तुटत नाही, पण ते ताणते. पोटाकडचे कातडे तर फारच ताणते. पट्टा पाठीच्या कण्यालगतच्या भागातूनच, लांबीच्या दिशेने काढलेला हवा, आणि दोन्ही पट्टे एकाच कातड्यातले हवेत. चपलेच्या तळाला घासणे सोसावे लागते, रिकिबीच्या पट्ट्याला ओढ सोसावी लागते. माझ्याच बिरादरीतल्या माणसाच्या पोटावर पाय देतो आहे, पण खरे सांगायचे तर आत नायलॉनची पट्टी घातलेले, वरून कातड्याचे तयार पट्टे तुमच्यासाठी बरे, कारण ते जवळजवळ ताणतच नाहीत. जुन्या पट्ट्यात बकलाजवळची शिलाई नखाने खरवडून पाहा. घामाने दोरा कुजलेला असेल तर पांढरी भुकटी नखात येते. असा पट्टा त्याच दिवशी काढून टाकावा.

आता लोखंड. बुटाची सर्वांत रुंद जागा मोजा. रिकिबीची आतली रुंदी त्यापेक्षा साधारण अडीच सेंटीमीटर जास्त असावी. कमी असेल तर पाय अडकतो. फार जास्त असेल तर पाय आत भटकतो आणि पडताना सबंध बूट आरपार जाण्याची भीती असते. वर्गात बहुधा पुरुषांच्या मापाच्या रिकिबी असतात, हे लक्षात ठेवा. पायपट्टीच्या रबरावरून अंगठा फिरवा. खाचा हाताला लागल्या नाहीत तर रबर बदला, त्याला फारसे पैसे लागत नाहीत. रिकीब वजनदार असलेली चांगली, कारण सुटली तरी ती जागेवर लोंबते आणि पायाला लवकर सापडते. ज्यांच्या बाजूंना सांधे असतात अशा लवचीक रिकिबी आखडलेल्या घोट्याला थोडा आराम देतात, पण आधीच डळमळणारा घोटा त्यांवर जास्त डळमळतो, असे माझे निरीक्षण आहे. एका बाजूला रबराचे कडे असलेल्या सुरक्षा रिकिबी घेतल्या तर ते कडे बाहेरच्या अंगाला आले पाहिजे. खोगिराच्या ज्या दांड्यात पट्टा अडकतो त्याच्या टोकाची कडी उघडीच ठेवावी. स्वार अडकून पडला तर पट्टा निसटून यावा, यासाठी ती असते.

खोगीर तुमचे नसले तरी ते तपासायला काही लागत नाही. घोडीवर खोगीर घालून तंग आवळा, घोडी सपाट जागी उभी करा आणि बैठकीच्या मधोमध एक गोटी ठेवा. गोटी थांबेल तो बैठकीचा सर्वांत खोल भाग. तो मध्यावर असायला हवा. गोटी मागच्या कमानीकडे गेली तर खोगीर मागे बसले आहे आणि तुम्हाला ते खुर्चीसारखे बसवते आहे. अशा वेळी पाय पुढे जाण्याचा सगळा दोष स्वतःकडे घेऊ नका.

जाता जाता: पावसाळ्यात आपल्याकडे कातड्याला बुरशी फार येते, म्हणून लोक तेलाने पट्टे न्हाऊ घालतात. जास्त तेलाने पट्टा मऊ होतो आणि अधिक ताणतो. कोरड्या फडक्याने पुसून सावलीत वाळवा, तेलाचा हात अगदी हलका ठेवा. आणि कोल्हापुरी चपला घालून रिकिबीत पाय घालू नका. चपला आमच्याच आहेत, तरी सांगतो.

नवशिकी_करवीर:

दोघांचेही मनापासून आभार. शनिवारी पट्टे घरी आणून खिळ्याला लावले. एकाच क्रमांकाच्या भोकावर डावा पट्टा उजव्यापेक्षा पूर्ण दोन सेंटीमीटर लांब निघाला. बूट 9 सेंटीमीटर रुंद आणि रिकीब आतून साडेबारा. गोटी मागे गेली, पण थोडीशीच. व्हिडिओत रिसालदार साहेब म्हणाले तसे दोन्ही प्रकार दिसले, त्याची लाज वाटते, म्हणून तो इथे टाकत नाही.

मात्र एक कोडे सुटत नाही. लांब पट्टा डावीकडे असेल तर डावी रिकीब सुटायला हवी होती, उजवी का सुटते? आणि एक गोष्ट सांगायची राहिली होती. सहा वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांना घेऊन पन्हाळ्याला गेले असताना अंधारबावीच्या पायऱ्यांवर माझा उजवा घोटा वाईट मुरगळला होता. आता दुखत नाही, त्यामुळे त्याचा याच्याशी संबंध असेल असे वाटले नव्हते.

तालमीतला_फिजिओ:

संबंध आहे, आणि तुमच्या कोड्याचे उत्तरही त्यातच निम्मे दडले आहे. डावी रिकीब खाली असल्यामुळे तुम्ही नकळत तिच्यापर्यंत पोहोचायला डावीकडे झुकता. कंबर डावीकडे सरकते, उजव्या नितंबावरचे वजन हलके होते, उजवा पाय वर ओढला जातो आणि रिकिबीवर त्याचा भारच उरत नाही. भार नसलेली रिकीब सुटणारच. त्यातून उजवा घोटा वाकत नसेल तर टाच खाली येऊन रिकीब चवड्याखाली धरून ठेवणेही होत नाही.

घोटा किती वाकतो ते घरी मोजता येते. अनवाणी, भिंतीकडे तोंड करून उभे राहा. एक पाऊल पुढे घ्या, टाच जमिनीवर टेकलेलीच ठेवून गुडघा भिंतीला लावा. लागला तर पाऊल थोडे मागे घ्या आणि पुन्हा लावा. टाच न उचलता गुडघा जेमतेम भिंतीला लागतो त्या जागी अंगठ्यापासून भिंतीपर्यंतचे अंतर मोजा. सर्वसाधारण माणसात हे अंतर सुमारे 10 सेंटीमीटर भरते. त्याहीपेक्षा दोन पायांतला फरक महत्त्वाचा आहे. तो दोन सेंटीमीटरच्या पुढे असेल तर जुन्या दुखापतीचा ताठरपणा उरला आहे असे समजा.

पोटरीत दोन मोठे स्नायू एकावर एक असतात. वरचा गुडघ्याच्याही वरून सुरू होतो, म्हणून तो गुडघा सरळ असताना ताणला जातो. आतला गुडघ्याखालून सुरू होतो आणि तो गुडघा वाकवल्यावरच नीट ताणला जातो. घोड्यावर आपला गुडघा वाकलेला असतो, त्यामुळे टाच अडवणारा बहुधा हा आतला स्नायू असतो, आणि लोक रोज ताणतात तो मात्र वरचा. भिंतीला हात टेकून, मागचा पाय गुडघ्यात वाकवून, टाच जमिनीवर ठेवून तीस सेकंद थांबा. असे तीन वेळा, दोन्ही पायांनी, रोज करा. त्यानंतर जिन्याच्या पायरीच्या कडेवर फक्त चवडे ठेवून, कठडा धरून, चार मोजत टाचा पायरीखाली उतरवा आणि सावकाश वर या. बारा वेळा, तीन फेऱ्या. यात ताण आणि ताकद दोन्ही मिळतात, आणि रिकिबीवर पाय असतो तसाच तो पायरीवर असतो.

तुम्ही कोल्हापूरच्या, म्हणजे कोणीतरी बैठका मारायला सांगेलच. आमच्या तालमीतली बैठक मला प्रिय आहे, पण ती मारताना खाली जाताच टाचा उचलल्या जातात आणि सगळा भार चवड्यावर येतो. पैलवानाला ते हवे असते. स्वाराला नेमकी उलटी सवय हवी. म्हणून बैठका जरूर मारा, पण टाचा टेकवून, पावले खांद्याएवढी फाकवून, खाली तीन मोजेपर्यंत थांबून. पंधरा पुरेत. शंभरांच्या मागे लागू नका.

मुरगळलेल्या घोट्याला ताठरपणाबरोबर तोलाचाही विसर पडलेला असतो. दात घासताना एका पायावर उभे राहा. जमले की घडी घातलेल्या घोंगडीवर उभे राहा. तेही जमले की डोळे मिटून, भिंतीजवळ. तुमचे काम टेबलाशी बसून पेपर तपासण्याचे असेल तर जांघेच्या पुढचे स्नायू आखडलेले असणार. तेच घोड्यावर गुडघा वर ओढतात. एक गुडघा जमिनीवर, दुसरा पुढे, कंबर सरळ ठेवून हळूच पुढे सरका आणि तीस सेकंद थांबा. कुशीवर झोपून वरचा पाय सरळ ठेवून थोडा मागे आणि वर उचलणे, पाठीवर झोपून कंबर उचलणे आणि कोपरांवर अंग तोलून तीस सेकंद राहणे, एवढे आठवड्यातून तीनदा केले तरी कंबरेला पुरेल. मांडीच्या आतल्या स्नायूंना वेगळी ताकद देण्याच्या फंदात पडू नका. ती तुमच्याकडे भरपूर आहे, गुडघ्यांवरची सोललेली कातडी त्याचा पुरावा आहे.

घोट्यातला फरक कमी व्हायला सहा ते आठ आठवडे लागतील. मध्येच घोटा पुढच्या बाजूने टोचू लागला किंवा चालताना लचकू लागला तर व्यायाम थांबवून हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

पागेवाली:

वर सगळ्यांनी स्वाराविषयी लिहिले, मी थोडे घोडीच्या बाजूने लिहिते. रपेटीनंतर खोगीर काढाल तेव्हा पाठीवरचा घामाचा ठसा पाहा. कण्याच्या दोन्ही बाजूंना तो सारखा नसेल, एका अंगाला खोगिराची कड जास्त घासलेली दिसत असेल, तर तुमचे डावीकडे झुकणे तिच्या पाठीला कळलेले आहे. अरुंद अंगाच्या घोड्यांवर खोगीर एका बाजूला लवकर कलते. दुरून कोणीतरी मागून पाहिले तर खोगिराचा मध्य कण्यावर आहे की नाही हे एका नजरेत समजते. दुडकीत तुम्ही नेहमी एकाच ठोक्यावर उठता का, तेही तपासा. दिशा बदलली की ठोका बदलला पाहिजे. घोडीचा बाहेरच्या बाजूचा खांदा पुढे जाताना उठायचे.

सिलिकॉनच्या ब्रीचेसविषयी माझे मत प्रतिकूल आहे. ती मांडी जिथे आहे तिथे चिकटवते. जागा बरोबर असेल तर छानच, पण चुकीची असेल तर चूकही चिकटून राहते, आणि तुमची जागा तर अजून ठरायची आहे. शिवाय एप्रिलमध्ये कोल्हापुरात ती घालून पाहा म्हणजे कळेल. गुडघ्यावर साधा ठिगळपट्टा असलेली सुती ब्रीचेस घ्या. रिकिबीचा पट्टा जागी बसवल्यावर त्याचे बकल वर, दांड्यापर्यंत ओढून घ्यायला विसरू नका. नवशिके ते मांडीखाली तसेच ठेवतात आणि मग कातडी सोलल्याचा दोष गुडघ्याला देतात.

नवशिकी_करवीर:

तीन आठवड्यांनी लिहिते आहे. पंधरा हजारांतले फार थोडे खर्च झाले: आत नायलॉन असलेले पट्टे, साडेअकरा सेंटीमीटर रुंदीच्या वजनदार रिकिबी आणि सुती ब्रीचेस. ओळखीच्या कारागिरांना पट्ट्यांचे काम दिले नाही, पण जुन्या हाफ चॅप्सची चेन त्यांच्याकडूनच बदलून घेतली. खोगिराची गोष्ट शिक्षकांना भीत भीत सांगितली. त्यांनी स्वतः गोटी ठेवून पाहिली आणि मागच्या बाजूला पातळ नमदा (खोगिराखालची गादी) घालायला परवानगी दिली.

भिंतीच्या चाचणीत डावा पाय 10 सेंटीमीटर भरला होता आणि उजवा 6. आता उजवा साडेसात आहे. आयाळ धरून उभे राहणे कदम चालीत मिनिटभर जमते, दुडकीत मात्र अजून दहा ठोक्यांच्या पुढे जात नाही. घामाचा ठसा पहिल्या आठवड्यात डावीकडे उघड उघड लांब होता, आता फरक शोधावा लागतो. मी खरोखरच नेहमी एकाच ठोक्यावर उठत होते, आणि दुसरा ठोका पकडणे मला अजून परक्या घरात दिव्याचे बटण शोधल्यासारखे वाटते. काल वीस मिनिटांत रिकीब दोनदा सुटली, एकदा उजवी आणि एकदा डावी.

गुडघे आवळणे थांबल्यापासून घोडीचा वेगही उतरला आहे. काल तिला पागेत नेताना घोड्यांची निगा राखणारे मोतद्दार मामा तिच्या मानेवर हात ठेवून म्हणाले, "आज लईच निवांत चालली की ही, आजारी न्हाई न्हवं?"